डॉक्टर सांगेपर्यंत

डब्याची पायरी उंच होती. पार्बताबाईनं उजवा पाय तिच्यावर ठेवला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि तशीच थांबली. पाय वर गेला होता, अंग खाली होतं, आणि मधल्या गुडघ्याला पुढं काय करायचं ते आठवत नव्हतं.

मागं तिची धाकटी जाऊ माणिकबाई शिदोरी घेऊन उभी होती.

“चढतं का हमालाले सांगू? बोचकं म्हणून ठेवीन तो वरत.”

“बोचकं तू,” पार्बताबाई म्हणाली आणि चढली.

बडनेऱ्याहून अकोल्याकडं जाणारी सकाळची पॅसेंजर होती. खिडकीजवळ जागा मिळाली. पार्बताबाईनं छातीवर तळहात ठेवला आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. श्वास जागेवर यायला चाळीस आकडे लागले. महिन्यापूर्वी घरामागच्या कुंपणापर्यंत जाऊन आली की साठ लागत. तिनं हात खाली घेतला आणि पदर सारखा केला. माणिकबाई बघत होती.

एका वर्षात पार्बताबाई पहिल्यांदाच अमरावतीतल्या आपल्या आळीबाहेर पडली होती. तिचा मुलगा गोवर्धन दोन दिवसांसाठी अचलपूरला झेंडूची गाडी घेऊन गेला होता. तो असता तर तिला ओट्याखालीही उतरू दिलं नसतं. त्यामागं कारण होतं.

मागच्या आश्विनात मानमोडीच्या तापाची साथ आली. आळीत माळ्यांची बावीस घरं. महिन्याभरात सतरा माणसं गेली. त्यांत म्हातारी दोनच होती. बाकी सगळी वीस ते चाळीसमधली, कुदळ मारणारी, मोट हाकणारी, लेकुरवाळी. असं का झालं, हे कुणाला सांगता आलं नाही. पार्बताबाई आणि तिची सून शालू एकाच दिवशी तापल्या. साथीपुरता नेमलेला एक तरुण डॉक्टर घरोघर फिरत होता. तो दाराशी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि दाढी चार दिवसांची. त्यानं दोघींच्या छातीला नळी लावली, औषधाची बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि बाहेर पडता पडता मागं वळून म्हणाला,

“मी सांगेपर्यंत खाटेवरून उठायचं नाही, माय. कोणीच नाही.”

शालू चौथ्या दिवशी उठली. ताप उतरला होता, आणि मळ्यात मिरचीची रोपं पाण्यावाचून माना टाकत होती. तिनं दोन पाट पाणी दिलं आणि संध्याकाळी परत पडली. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे झाले होते. पार्बताबाई उठली नव्हती, कारण तिला उठताच येत नव्हतं. ती जगली.

एक उठली आणि मेली, एक निजून राहिली आणि वाचली. गोवर्धनचा सगळा विश्वास या दोन माणसांवर उभा होता. आणखी पुरावा त्याला नको होता. तो डॉक्टर सांगायला येईल म्हणून घरानं वाट पाहिली. पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या शिपायाकडून कळलं की डॉक्टरही गेला. साथीतच गेला, दवाखान्यामागच्या खोलीत.

पुढं नवा डॉक्टर आला. गोवर्धननं त्याला घरी आणलं. त्यानं नळी लावली, पाठीवर दोन बोटं वाजवली आणि म्हातारी ठणठणीत आहे म्हणाला. गोवर्धननं हात जोडले, त्याला झेंडूची टोपली दिली आणि आईला खाटेवरच ठेवलं. ज्यानं बसवलं त्यानंच उठवलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. आळीला ते पटलं. देवाला मागणं मागून बांधलेली गाठ ज्यानं बांधली त्यानंच सोडायची असते, मग ही तर जिवाची गाठ होती. आणि नुसत्या पार्बताबाईचीच नव्हे. तो डॉक्टर ज्या ज्या घरी गेला होता, तिथली म्हातारी माणसं तशीच बसून राहिली. रोज पहाटे महादेवरावांच्या विहिरीत उड्या मारणारे पाच म्हातारे आता दुपारी ओट्यावर सोंगट्या खेळत. दर मंगळवारी देवीला चालत जाणाऱ्या बाया खाटेशी बसून चिंचोके उडवत. कुणाचं पोट सुटलं, कुणाच्या पोटऱ्या वाळल्या. पार्बताबाईच्या पोटऱ्या वाळल्या.

आता पुन्हा आश्विन आला होता. गेल्या वर्षी घरात भुलाबाईची मातीची मूर्ती बसवायलाच कोणी उरलं नव्हतं. या वर्षी पोरींनी बसवली होती. या आळीत एक रीत होती. भुलाबाई बोळवायच्या दिवशी पोरींचा खेळ सुरू व्हायच्या आधी पहिली फुगडी म्हाताऱ्यांची. आळीतल्या उभ्या राहू शकणाऱ्या बायांत जी सगळ्यांत मोठी, तिनं आपली जोडीदारीण निवडायची आणि खेळायचं. ज्या वर्षी ती नाही म्हणेल, त्या वर्षी मान पुढचीकडं जाई आणि परत येत नसे. त्यानंतर त्या बाईला ओट्यावर बसवत, हळदीकुंकू लावत आणि तिच्या हातात पोरींच्या ओढण्या-पदर सांभाळायला देत. पार्बताबाईच्या सासूनं असे पदर नऊ वर्षं सांभाळले होते. पार्बताबाई एकसष्टची होती आणि पहिली फुगडी अकरा वर्षं तिची होती. तिच्यामागं माणिकबाई होती, चार वर्षांनी लहान.

महिन्यापूर्वी गोवर्धननं आईला घरामागं चालताना पाहिलं. तो ओरडला नाही. ओला पालापाचोळा हातात होता, तो त्यानं खाली टाकला आणि तिच्यासमोर बसला. मग त्यानं तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तिच्याकडून वदवून घेतलं, की डॉक्टरच्या शब्दाबिगर फुगडी खेळणार नाही. पोराच्या गळ्याची आन. पार्बताबाईनं ती घेतली, कारण त्याचा गळा तिच्या बोटांखाली थरथरत होता.

त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी तिनं माणिकबाईला बोलावून विचारलं, मेलेल्या डॉक्टरचं घर कुठं आहे ते कोणाला ठाऊक असेल. माणिकबाईनं तीन दिवसांत शोध लावला. अकोला, जुनं शहर, बांगडीवाल्यांची गल्ली. त्याची आई घरोघर बांगड्या भरत असे. डॉक्टरचं नाव फारुख.

गाडी मूर्तिजापूर सोडून पुढं निघाली तेव्हा पार्बताबाईनं विचारलं,

“तू काहून आली व संग? मी बसून राहिली तर फुगडी तुहीच होती.”

माणिकबाईनं भाकरीचा तुकडा मोडला.

“खाटेवरच्या बाईकडून घ्याले मी काय भीक मागून राहिली का? तू उभी राह्य, चक्कर येऊन पड, मंग घेईन मी.”

“पडली तर तुले घेऊन पडीन.”

“म्हणूनच तं खाऊन घेतो,” माणिकबाई म्हणाली आणि चटणीचा गोळा तिच्यापुढं सारला.

अकोल्याच्या स्टेशनावरून टांगा केला. मोर्णा नदीच्या पलीकडं गल्ल्या अरुंद होत गेल्या आणि टांगेवाल्यानं एका वळणावर उतरवलं. तिथून चालावं लागलं. पार्बताबाईनं पावलं मोजली: एकशे ऐंशी. मध्ये एकदा ती एका भिंतीला हात लावून उभी राहिली. माणिकबाई पुढं जाऊन समोरच्या दुकानातल्या लाखेच्या बांगड्या बघत राहिली, जणू तिलाच थांबायचं होतं.

दार उघडणारी बाई पंचविशीच्या आतली होती, अंगावर पांढरी ओढणी. मनगटं मोकळी होती. ती आयशाबी, डॉक्टरची बायको. तिच्यामागं दाराच्या आत एका फळीवर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. आता धंदा तीच बघत असावी. पार्बताबाईनं दारातच सगळं सांगून टाकलं. अमरावतीहून आलो, तुमच्या मालकानं खाटेवर बसवलं, आता उठवायला कोणी नाही, भुलाबाई बोळवायला चार दिवस राहिले. घरात त्यांच्या जागी जो कोणी असेल त्याचा शब्द चालेल.

आयशाबी ऐकत होती, पण तिचे डोळे पार्बताबाईच्या पायांवर होते. धुळीनं भरलेल्या, उंबऱ्याबाहेर घट्ट रोवलेल्या पायांवर.

“मावशी, तुमी इतक्या लांबून चालत आल्या?”

“गाडीनं आली. वळणापासून चालली.”

“नाव काय तुमचं?”

पार्बताबाईनं सांगितलं. आयशाबीनं आळीचं नावही विचारलं, आणि मग दोन्ही एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. “आत या,” ती म्हणाली. “पण अम्मीसमोर जोरात बोलू नका. त्यापन उठत नाहीत. वर्ष झालं.”

आतल्या खोलीत खिडकीखाली खाट होती आणि खाटेवर रजियाबी. अंगानं मोठी बाई, आता सगळी सैल पडलेली. पाय चादरीबाहेर होते. पार्बताबाईची नजर तळव्यांवर गेली आणि तिथंच अडली. डोक्यावर पेटी घेऊन रोज दोन-तीन कोस फिरणाऱ्या बाईचे तळवे होते ते. भेगा भरून आल्या होत्या. कातडी तान्ह्या पोराच्या तळव्यासारखी गुळगुळीत आणि फिकी झाली होती.

रजियाबीनं दोघींना बसायला सांगितलं, सुनेला गुळाचं पाणी आणायला सांगितलं, आणि अमरावतीचं नाव ऐकल्यावर कोपरावर उठून बसली. आपल्या पोराला यांनी पाहिलं होतं. कसा दिसत होता, जेवला होता का, अंगावर कोट होता का, तिनं एकेक विचारलं. पार्बताबाईनं जेवढं आठवत होतं तेवढंच सांगितलं. दाढी वाढली होती हे सांगितलं. डोळे लाल होते हे सांगितलं नाही.

मग तिनं शब्द मागितला.

रजियाबी बराच वेळ चादरीची किनार बोटांनी दुमडत राहिली. साथीत तीही पडली होती. फारुख दोन दिवसांची सुट्टी काढून आला, उशाशी बसला, आणि परत जायच्या वेळी दारातून बोलला. तिनं त्याच्याच आवाजात ते म्हणून दाखवलं.

“अम्मी, मैं आके बोलूं तब तक उठना नहीं.”

“मी तुमाले काय शब्द देऊ, बाई,” रजियाबी म्हणाली. “मलेच भेटला नाही. त्याचा आखरी बोल आहे तो. बाकी समदं घेऊन गेला. कपडे लोकायले देले, नळी दवाखान्यात जमा झाली. हा एक बोल माह्यापाशी आहे. उठली का तो भी गेला.”

माणिकबाईनं पदर तोंडाला लावला. पार्बताबाई जमिनीकडं बघत होती. येताना तिनं भांडायची तयारी केली होती. डॉक्टरच्या घरच्यांशी कसं बोलायचं, अडून बसायचं, उपाशी राहायचं, सगळं तिनं गाडीत ठरवलं होतं. आता भांडायला समोर तिच्यासारखीच एक म्हातारी होती. आणि गोवर्धन तिकडं अचलपूरच्या बाजारात, आई खाटेवर आहे अशा भरवशावर उभा असेल.

“ते पोरगं तुमाले जगवाले बोललं होतं,” ती अखेर म्हणाली. “हे जगनं होय का?”

तेवढ्यात आयशाबी आत आली. तिच्या एका हातात गुळाच्या पाण्याचा लोटा होता आणि दुसऱ्या हातात काळ्या पुठ्ठ्याची वही. लोटा तिनं खाली ठेवला. ही वही त्यांच्या पिशवीतून आली, ती म्हणाली. साथीत ज्याला ज्याला तपासलं त्याचं यात लिहून ठेवलं आहे. बोलताना ती कोणाकडं बघत नव्हती. तिनं खिडकीकडं पाठ केली, वही उघडली, चारदोन पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“पार्बताबाई. माळ्यांची आळी, अमरावती. दिल कमजोर. तीन हप्ते आराम. मग हळूहळू समदं काम करावं, चालावं, खेळावं.”

माणिकबाईनं कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं.

पार्बताबाईला तो दिवस लख्ख आठवत होता. तापात जे दिसलं ते तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नव्हतं. डॉक्टरच्या एका हातात नळी होती, दुसऱ्यात औषधाच्या बाटल्यांची जाळी. तो उंबऱ्याच्या आत जेमतेम दहा मिनिटं होता. त्यानं तिला माय म्हटलं होतं. नाव विचारलंच नव्हतं.

तिनं मान वर केली. आयशाबी वहीच्या कडेवरून तिच्याकडं बघत होती. ती नजर काही सांगत नव्हती, नुसती वाट बघत होती. वर्षभर या पोरीनं दोन माणसांचं घर ओढलं होतं, सासूला न्हाऊ घातलं होतं, तिच्या अंगाखालच्या चादरी बदलल्या होत्या. आणि वर्षभरात दारावर येऊन कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

“पोरी,” पार्बताबाई म्हणाली, “तुह्या सासूचं पाह्य बरं. त्यायचं भी असंन लिहिलेलं.”

आयशाबीनं एक पान उलटलं. मग आणखी एक.

“रजियाबी,” ती म्हणाली. आवाज थोडा चिरकला, तो तिनं सावरला. “तीन हप्ते.”

गल्लीतून कोणी हातगाडी ढकलत गेलं. तिच्या चाकाचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला. रजियाबी सुनेकडं बघत होती, वहीकडं नाही. बघता बघता तिनं चादर बाजूला केली, एक पाय खाटेखाली सोडला, मग दुसरा. पाय जमिनीला लागले तेव्हा तिनं ते पटकन वर घेतले, थंडगार पाण्याला लागल्यासारखे, आणि पुन्हा खाली ठेवले.

पार्बताबाई उठून तिच्यासमोर गेली. उठवायला म्हणून तिनं हात पुढं केले ते सवयीनं, एकावर एक आडवे, फुगडीला धरतात तसे. रजियाबीनं त्या हातांकडं पाहिलं. तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं.

“आमच्या मोहल्ल्यात भी खेळत होतो,” ती म्हणाली. “नद्दीच्या वाळूत.”

“मंग ठाऊक असंन. एकीनं अंग राखलं का दोघी पडतात.”

रजियाबीनं हात धरले. तिचे हात मोठे आणि ऊबदार होते. पहिल्यांदा ती अर्धी उठून परत बसली. दुसऱ्यांदा माणिकबाईनं मागून कमरेला आधार दिला. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. तिच्या मांड्या लुगडं हलताना दिसावं इतक्या थरथरत होत्या, आणि तिचं वजन पार्बताबाईच्या दंडांतून थेट खांद्यात उतरत होतं. पार्बताबाईनं टाचा रोवल्या. छातीत ठोके वाढले. तिनं ते मोजले नाहीत.

“बाई,” माणिकबाई हळूच म्हणाली, “पोराच्या गळ्याची आन आहे.”

“आहे.”

“पन डॉक्टरचा शब्द तं भेटला नं आता. तसंच सांगशीन गोवर्धनले.”

“नाही,” पार्बताबाई म्हणाली. “त्या थकल्या डॉक्टर पोराच्या माथी काहून मारू? शालू चौथ्या दिवशी उठली, मी वर्षानं उठली. मी खेळली, असं सांगीन. मंग त्याले जे बोलायचं ते बोलू दे. आन मी घेतली, मीच मोडून राहिली.”

माणिकबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग रजियाबीच्या कमरेवरचा हात काढून घेतला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. आयशाबीनं वही छातीशी धरली होती. तिचे डोळे भरून आले होते. पाणी आणते असं काहीतरी पुटपुटून ती स्वयंपाकघराकडं गेली. गुळाच्या पाण्याचा लोटा भरलेलाच होता.

ती गेली तशी रजियाबी पुढं झुकली. तिचा श्वास पार्बताबाईच्या कानाशी आला.

“फारुख समदं अंग्रेजीत लिहायचा, बाई. आन ह्या पोरीले अंग्रेजीचं एक अक्षर येत नाही.”

“असंन,” पार्बताबाई म्हणाली. “पाय जुळवा.”